वरची खोली रिकामी आहे

ग्रानसेले, उत्तर स्वीडन, ३ ऑक्टोबर १९९७

तुलसा,

निरोप आहे म्हणून लिहितेय. नाहीतर लिहिलं नसतं.

काल उमेओहून तुमच्या वनशास्त्र विभागातल्या बाईचा फोन आला. तुझा लुंदचा पत्ता हवा होता. म्हणाली, प्राध्यापकांनी तुलसाची जागा अजून कुणाला दिलेली नाही, नवीन वर्षापर्यंत ठेवणार आहेत. परत यायचं म्हणाली तर संशोधन, पगार, टेबल, खुर्ची सगळं तसंच आहे. मी म्हटलं, येईल असं काही वाटत नाही, तिला लुंदच बरं वाटलं. ती म्हणाली, तरी विचारून बघा. मी म्हटलं, विचारणं माझं काम नाही, निरोप सांगणं आहे. तर हा निरोप. संपला.

आता अर्धा कागद कोरा राहिलाय आणि तिकीट काही अर्ध्या किमतीत लावू देत नाहीत, म्हणून पुढं लिहिते.

दुपारी पाल्त केले, बटाट्याचे गोळे उकडून. सवयीनं जास्तच झाले. तुझ्यासाठी डुकराचं मांस न घालता कांदा-मशरूमचे गोळे वेगळे वळायचे ना, ते हातांनी आपले आपणच वळले, आणि मग मी बशीकडे बघत बसले. पाल्त खाल्ल्यावर येते ती साधी झोप नसते, तुला माहीत आहे. माणूस पिठाच्या पोत्यासारखा आत आत बसत जातो. स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवी झाले. खिडकीतून नदी दिसत होती. बर्चची पिवळी पानं तिच्यावरून इतकी हळू चालली होती, की नदीच थांबलीय आणि आमचं घर वरच्या अंगाला निघालंय असं वाटायला लागलं. तेवढ्यात वर पावलं वाजली. तू मोज्यांत चालायचीस तशी, टाचा न टेकवता. मी पडल्या पडल्याच म्हटलं, कॉफी ठेव गं. मग जाग आली. कॉफी मलाच ठेवावी लागली.

एक गोष्ट मात्र मनात सलते, ती लिहूनच टाकते. त्या दिवशी मी लिंगोनच्या लाल बोरांचा मुरांबा ढवळत होते. तू माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "गुनवोर, मला दोन ठिकाणी बोलावलंय. इथं उमेओत आणि तिकडं दक्षिणेत लुंदला. मी इथंच राहू का? या घरात?" मी हो म्हटलं. तू जरा वेळ उभी राहिलीस, मग वर गेलीस, आणि सकाळी म्हणालीस, मी लुंदला जाते. बरं, जा. मी कुणाच्या वाटेत येत नाही. मुरांब्याची बरणी बांधून दिली, बसथांब्यापर्यंत पिशवी धरली. पण जायचंच होतं तर विचारलंस कशाला? आमच्याकडे कुणी एकदा हो म्हटलं की ते हो असतं. अर्विदनं लग्नाचं विचारलं तेव्हा तो नदीतून लाकडं वाहून नेण्याच्या कामावर होता, ओंडक्यावर उभा, आणि मी काठावर. एकदाच हो म्हटलं. पुरलं की आयुष्यभर.

वरची खोली रिकामी आहे. पडदे धुतले. एवढंच.

गुनवोर


ग्रानसेले, २६ ऑक्टोबर

तुलसा,

तुझं कार्ड मिळालं. टागेनं दिलं, आणि अर्थातच आधी वाचलं. आमचा पोस्टमन बंद पाकीटसुद्धा उजेडाला धरून वाचतो, मग उघडं कार्ड सोडतोय होय! तुझं नाव तुलसा म्हणजे तू अमेरिकेची, तिथं त्या नावाचं गाव आहे, असंच तो अजून समजतो. मी वर्षभर सांगितलं, अरे नेपाळची आहे. पालथ्या घड्यावर पाणी.

तर कार्डात तू लिहितेस, "निरोपाबद्दल आभार. तुम्ही त्या दिवशी काहीच उत्तर दिलं नाहीत. मला समजलं. माझा राग नाही."

तुझा राग नाही! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. उत्तर दिलं नाही? मी? मुरांबा करपत होता तरी हात थांबवून हो म्हटलं मी तुला. टागे दारात उभा राहून दात काढत होता. "काय गं गुनवोर, पोरीला उत्तर दिलं नाहीस म्हणे?" मी म्हटलं, तुझी गाडी चालू आहे, पेट्रोल जळतंय. तरी हलेना. "अगं पण खरंच हो म्हटलं होतंस का?" मी हो म्हटलं. त्याला ऐकू गेलं. गाडीचं इंजिन चालू असताना, कानटोपी घातलेल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं. मग तुला का नाही?

आणि हे 'तुम्ही' पुन्हा सुरू केलंस. किती वेळा सांगितलं, इथं राजा सोडला तर सगळ्यांना आम्ही तूच म्हणतो. डॉक्टरला तू, पाद्र्याला तू, पंतप्रधानालाही तू. तू मला नावानं हाक मारताना अशी अडखळायचीस जणू तोंडातून शिवी निघणार आहे.

खरं सांगू का? मला वाटतं तुझं मन आधीच उडालं होतं. आलीस तेव्हा दिवसभर विचारत असायचीस. खिडकी उघडू का, ओव्हन लावू का, माझ्या मैत्रिणीला रविवारी बोलावू का, तुमच्या शेजारी बसू का. मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले. नाही कधी म्हटलं सांग बरं? आणि तू मात्र दिवसेंदिवस गप्प. नाताळनंतर खिडकीचं विचारणं बंद झालं. ओव्हन तर तू वापरायचीच सोडलीस, थंड पाव खायचीस. मैत्रीण एकदाही आली नाही. मी मनात म्हटलं, पोरगी आता स्वीडिश झाली. शिकली आमच्यासारखी अळीमिळी गुपचिळी. त्याचं मला जरा वाईटच वाटलं होतं, आता लिहायला हरकत नाही. विचारणारं कुणीतरी घरात असलं की घर जागं राहतं.

प्राध्यापकांना काय ते कळव. त्यांना ताटकळत ठेवू नकोस.

गुनवोर


ग्रानसेले, १६ नोव्हेंबर

तुलसा,

आज कशासाठी लिहितेय ते मलाच माहीत नाही. निरोप काही नाही.

बर्फ पडतोय. वारा नाही, आवाज नाही, नुसता वरून खाली येतोय. सकाळ होते ती संध्याकाळच्याच रंगाची, आणि जेवायच्या आधी परत निळं निळं व्हायला लागतं. अशा दिवसांत मी जागी किती असते आणि पेंगत किती असते ते सांगता यायचं नाही. बाकावर बसते, विणकाम मांडीवर असतं, सुया चालतात, आणि डोळे उघडले की मोजा भलताच लांब झालेला असतो. हा जो आत्ता झालाय तो तर गुडघ्याच्याही वर जाईल.

काल त्या पेंगेत नदी दिसली. अर्विदच्या काळातली. काठोकाठ ओंडके, एकाला एक घासत चाललेले, आणि तो मधे आकडीची काठी घेऊन उभा. तू पलीकडच्या काठावरून त्या ओंडक्यांवरूनच चालत आलीस, हातात कॉफीची किटली, मोज्यांत, एक थेंब न सांडता. अर्विद म्हणाला, "ही कोण?" मी म्हटलं, "वरच्या खोलीतली." तो म्हणाला, "भाडेकरू?" मी उत्तर देणार तोवर ओंडके वळणापलीकडे गेले आणि तोही गेला. जाग आल्यावर मी कितीतरी वेळ शब्द शोधत बसले होते. भाडेकरू नाही तर मग काय म्हणायचं होतं मला?

तुझं ते सूर्याला पाणी घालणं आठवतं. भर हिवाळ्यात सूर्य उगवायचा तेव्हा इकडं लोकांची दुसरी कॉफी होऊन गेलेली असायची. तू पायरीवर उभी राहून तांब्यातून धार धरायचीस आणि ती खाली पडता पडता गोठायची. टागे आपटला त्या दिवशी! पत्रं अंगणभर. "कुणी पाणी सांडलं इथं?" म्हणून ओरडला, तर तू आपली गंभीर चेहऱ्यानं, "सूर्यासाठी होतं." टागे म्हणाला, "मग त्यालाच सांग येऊन माझं ढोपर चोळायला." दुसऱ्या दिवसापासून तू आधी वाळू पसरायचीस आणि मग पाणी घालायचीस. इथं कसं राहायचं ते तुला एवढं छान समजत होतं, तुलसा. बुटांना काटे लावायला शिकलीस, कोटाला चमकणारी पट्टी अडकवायला शिकलीस, बसमध्ये रिकाम्या बाकावरच बसायचं, कुणाच्या शेजारी नाही, हेसुद्धा शिकलीस. मला वाटलं होतं, आता ही राहणार.

दुकानाच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली होती, खोली भाड्यानं देणे आहे म्हणून. एक माणूस आला. रस्त्याच्या कामावरचा, स्वच्छ, दारातच बूट काढले. खोली आवडली त्याला. मी म्हटलं, पाइप फुटलाय. तो म्हणाला, मी दुरुस्त करतो की. मी म्हटलं, छपरही गळतं. त्यानं छपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बूट घालून गेला. चिठ्ठी मी काढून आणली. हे तुला सांगायचं नव्हतं.

महिनाअखेरीला आरोग्य केंद्रात तपासणीला जायचंय. मला काही झालेलं नाही. वय झालं की बोलावतात, गाडीची तपासणी करतात तसं. टागे नेणार आहे.

गुनवोर


ग्रानसेले, २८ नोव्हेंबर

तुलसा,

हे पत्र नीट वाच. एकदा वाचून ठेवून देऊ नकोस, परत वाच.

काल तपासणीला गेले. हात दाखवून अवलक्षण! तिथं नवीन नर्स आलीय, पर्निल्ला, पार खालून दक्षिणेतली, माल्मोकडची. गोड पोरगी, बोलताना घशात बटाटा अडकल्यासारखं बोलते, तिकडं सगळे तसंच बोलतात. मला खुर्चीत बसवलं आणि प्रश्न विचारायला लागली. एकटी राहतेस का? मी हो म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली. परत विचारलं, एकटी राहतेस का? मी परत हो म्हटलं. तिनं काहीतरी लिहून घेतलं. रक्तदाबाच्या गोळ्या घेतेस? हो. रोज? हो. जिना चढतेस? हो. प्रत्येक उत्तराला तिचा चेहरा उतरत चाललेला. छातीत दुखतं का? मी म्हटलं, नाही. हे 'नाही' तिला लगेच कळलं. ती म्हणाली, "बोलू नकोस, शांत पडून राहा," आणि धावत जाऊन डॉक्टरला घेऊन आली. मला पलंगावर घातलं, छातीला, मनगटांना, घोट्यांना तारा चिकटवल्या. मी विचारलं, काय झालंय मला? म्हणे, तुला श्वास लागतोय, बोलताना प्रत्येक वेळी दम कोंडतोय.

टागे बाहेर बसला होता. त्याला बिचाऱ्याला ती सांगायला गेली की तुमच्या बाईंना धाप लागलीय, कदाचित मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. तो टोपी हातात घेऊन आत आला, पांढराफटक. मला म्हणाला, "गुनवोर, शुद्धीत आहेस ना?" मी हो म्हटलं. पर्निल्ला ओरडली, "हे बघा! हे बघा, परत झालं!"

टागे आधी माझ्याकडं बघत राहिला, मग तिच्याकडं, आणि मग असा हसत सुटला की भिंतीला टेकला. "अगं पोरी, ती हो म्हणतेय तुला!"

"कुठं म्हणतेय?"

"आत्ता म्हणाली ना!"

ती म्हणाली, "हे तुमचं हो आहे?" आणि तुलसा, आम्ही दोघांनी एकदमच उत्तर दिलं. शुप्. ओठ जरा पुढं काढून हवा आत ओढलेली. गरम कॉफीचा भुरका मारतात तसा, फक्त कॉफी नसलेला. त्या पोरीनं कपाळावर हात मारला. डॉक्टरही हसायला लागला. मीही हसत होते, सगळ्या तारा हलत होत्या आणि यंत्र वेडंवाकडं लिहीत होतं.

आणि हसता हसता मला तू दिसलीस. मुरांब्याच्या दिवशी, माझ्या पाठीमागं उभी.

मी तुला हो म्हटलं होतं, तुलसा. असंच. शुप्. इथं माझी आई असंच म्हणायची, तिची आई असंच म्हणायची, अर्विदला काठावरून मी तेच उत्तर दिलं आणि पाण्याच्या एवढ्या आवाजातही त्याला ते ऐकू गेलं. आम्हाला तो शब्दच वाटतो. आम्ही काही वेगळं करतोय हे आम्हाला ठाऊकच नाही, नाहीतर आल्याआल्या पहिल्या दिवशी सांगितलं नसतं का? विद्यापीठात तुम्ही सगळे इंग्रजीत बोलता. इथं घरात मी एकटी, आणि मी तुला आयुष्यात एकदाही मोठ्यानं हो म्हटलेलं नाही.

मग तू वर्षभर काय ऐकलंस? खिडकी उघडू का, तर म्हातारी उसासा टाकते. ओव्हन लावू का, तर हिचा श्वास कोंडतो. मैत्रिणीला बोलावू का, तर दचकल्यासारखी हवा गिळते. तुमच्या शेजारी बसू का. अरे देवा, तुलसा! शेजारी बसायलाही! तू दिवसेंदिवस गप्प होत गेलीस आणि मी म्हणत राहिले की पोरगी स्वीडिश झाली. थंड पाव खाल्लास तू माझ्या घरात.

यंत्राचा कागद बघून डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत आहे. यंत्राला काय कळतंय.

तुझंही एक होतं की. कॉफी देऊ का म्हटलं की तू मान अशी तिरकी झुलवायचीस, हो नाही, नाही नाही, काहीतरी मधलंच. मी किटली उचलून न्यायचे. शेवटी एकदा तू किटलीच्या मागं मागं चुलीपर्यंत आलीस, तेव्हा कळलं की ते हो आहे. मी किटलीमुळं शिकले. माझं उत्तर तर नुसती हवा. त्याच्या मागं मागं तू कुठं जाणार होतीस?

टागे पाकिटासाठी थांबलाय. या वेळी बंद पाकीट आहे, आणि आत काय आहे ते त्याला आधीच माहीत आहे.

गुनवोर


ग्रानसेले, ११ डिसेंबर

तुलसा,

उत्तर आलं नाही. टागे रोज दारात येतो आणि हात पसरून दाखवतो, काही न बोलता. काल मी चिडून म्हटलं, हात कसले दाखवतोस, तोंडानं सांग ना नाही म्हणून. तो म्हणाला, "तुझ्या तोंडी शोभतं हं हे."

कदाचित तुला वाटत असेल की म्हातारी आता गोष्टी रचते. किंवा तिकडं तुझं बस्तान बसलं असेल. लुंद गरम आहे म्हणे, तिथं बर्फ टिकत नाही. तसं असेल तर चांगलंच आहे.

पण मी सवयीप्रमाणं परत अर्धवटच बोलतेय. सरळ लिहिते. इथं असं कुणी कुणाला लिहीत नाही, माझे कान आत्ता तापलेत.

मला तू या घरात हवी आहेस. बर्फ काढायला नको, बर्फ टागेचा ट्रॅक्टर काढतो. भाड्यासाठी नको, अर्विदचं पेन्शन मला पुरून उरतं. तू बसमधून उतरून येतेस तेव्हा गेटची कडी वाजते, ती मला ऐकायची असते. सकाळी तू तुझ्या भाषेत पुटपुटतेस ते एक अक्षर मला कळत नाही, पण ते संपेपर्यंत मी कॉफी ओतत नाही, एवढी सवय झालीय. आत्ता दुपार आहे. नदी पूर्ण गोठली आणि आतून मधूनच आवाज देते, लांबून कुणी खुर्ची सरकवावी तसा. मी पेंगते, आणि प्रत्येक आवाजाला वाटतं, वर तूच आहेस, अभ्यासावरून उठलीस. ही पेंग मला आवडते, कारण तीत तू असतेस. पण जाग येतेच की. मग घर फार मोठं वाटतं.

तू विचारलं होतंस, मी इथंच राहू का. हे माझं उत्तर. हो. शाईनं लिहिलंय, दोनदा गिरवलंय.

गुनवोर


ग्रानसेले, २२ डिसेंबर

तुलसा,

काल फोन मधेच तुटला असं तुला वाटलं असेल. तुटला नव्हता. काय झालं ते सांगते, कारण तू बूथवरून केला होतास आणि तुझा नंबर माझ्याकडं नाही.

घंटी वाजली तेव्हा मी बाकावरच होते, अर्धी झोपेत. मला वाटलं स्वप्नातलीच आहे, म्हणून बराच वेळ वाजू दिली. उचलला तर तू. "गुनवोर, तुमची दोन्ही पत्रं आजच मिळाली. मी तीन आठवडे एका बेटावर मातीचे नमुने घेत होते, टपाल खोलीत पडून होतं." एवढं बोलून तू थांबलीस. मीही थांबले. फोनमधून नुसती खरखर येत होती, बाहेर बर्फाचा तो निळा उजेड. आपण दोघी अशाच बसायचो की स्वयंपाकघरात, न बोलता. पण मी म्हटलं, नाही गुनवोर, न बोलण्यातच सगळा घात झाला. आता तू विचार. आमच्याकडे असं सरळ विचारत नाहीत, समोरच्याला अडचणीत टाकल्यासारखं होतं. मी आयुष्यात कुणाला विचारलेलं नाही. मुलंबाळं नाहीत, आणि अर्विदला विचारावं लागलं नाही.

मी विचारलं, "तुलसा, परत येतेस का?"

आणि पलीकडून काय आलं? हवा आत ओढल्याचा एक बारीक आवाज.

मला वाटलं तुला हुंदका आला. मी घाईघाईनं म्हटलं, "नको गं, राहू दे, मी आपलं उगाच. तुझं तिकडं चांगलं चाललंय, मला काही अडत नाही." तू परत तोच आवाज काढलास, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, "सर्दी झालीय का तुला? गरम पाणी पी." तेव्हा तू हसायला लागलीस. "अहो गुनवोर, मी हो म्हणतेय! तुमच्यासारखं! जमलं नाही का?"

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि जिना चढून वर गेले. रेडिएटर पूर्ण उघडला. गादीवर हात फिरवला, ती बर्फासारखी गार होती, म्हणून खालून लोकरीचं पांघरूण आणायला निघाले, तर ते वरच्याच कपाटात होतं, मग ते काढलं, खिडकीच्या फटी बघितल्या. खाली आले तेव्हा फोन मुका झाला होता. एवढं सगळं करायच्या आधी तुला दोन शब्द सांगून जावं, हे सुचलंच नाही बघ मला.

तुझा आवाज आणि तुझं हसणं यांत किती वेळ गेला असेल? एक कप कॉफी ओतायला लागतो तेवढा. तू येणार नाहीस, मी जास्त मागितलं, मी तुला ओझं झाले, हे सगळं त्या तेवढ्याशा वेळात माझ्या मनात येऊन गेलं. आणि मी तर जन्मभर हाच आवाज काढत आलेय. तू तसं वर्षभर उभी राहिलीस माझ्या स्वयंपाकघरात, रोज, आणि रोज सकाळी हसून खाली आलीस. मला फार वाईट वाटतं, तुलसा. फार फार.

उमेओच्या बाईला मी आज सकाळी फोन केला. तिला सांगितलं, जागा कुणाला देऊ नका, तुलसा येतेय, ती स्वतः कळवेलच. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. हे माझं काम नव्हतं, पण केलं.

कुठल्या गाडीनं येतेस ते लिही. टागेला एकटा पाठवणार नाही, मी स्वतः फलाटावर येते. गाडीतून उतरल्यावर तुला जे विचारायचं ते विचार. कॉफी मिळेल का, मैत्रिणीला बोलावू का, शेजारी बसू का, काहीही. अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्यानं हो म्हणेन. लोक बघतील, बघू देत.

गुनवोर